लोखंडाला घाम

याकुत्स्क,
९ डिसेंबर २००९

ती. मामाआजोबा यांस,
क्युन्नेयचा दोन्ही हात जोडून सा. न. वि. वि.

काल ट्रकवाला तेरेंती येऊन गेला. तुम्ही पाठवलेलं शिंगराचं मांस आणि गोठवलेल्या दुधाच्या चकत्या पोचल्या. माझी घरमालकीण अग्राफेनाकाकू चकत्या बघूनच खूश झाली, म्हणाली, शहरातलं दूध म्हणजे नुसतं पांढरं पाणी. मग चहा पिता पिता तेरेंती अगदी सहज बोलून गेला, की गावाचं बॉयलर बंद पडलंय, शाळेचे नळ फुटलेत, आणि आज सहा दिवस वर्गातही बाहेरच्याइतकीच थंडी आहे. मी आधी तुमची चौकशी केली. तो म्हणाला, म्हाताऱ्याला काय धाड भरलीय, घरात चूल आहे, अंगणात सदऱ्यावर लाकडं फोडतोय. जिवात जीव आला. पण लगेच मार्फाबाईंच्या वर्गातला कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आला आणि हातातला पेला तसाच राहिला.

तेरेंती हसला मला. आजोबा, तुम्ही तरी हे हसण्यावारी नेऊ नका. त्या कॉम्प्युटरच्या पोटात एक हार्ड डिस्क असते, सगळं तिच्यावर साठवलेलं असतं. गेल्या हिवाळ्यात अकुलिनाआजीने घरीच मार्फाबाईंच्या रेकॉर्डरपुढे बसून अकरा संध्याकाळी आपला अख्खा ओलोन्खो, ती सगळी वीरगाथा, गायला, पहिल्या वीराच्या जन्मापासून शेवटच्या लग्नापर्यंत. जूनमध्ये आजी गेली. तो ओलोन्खो तिच्यासारखा गाणारं आता कुणी उरलेलं नाही आणि तिचा आवाज त्या एका डिस्कखेरीज जगात कुठेही नाही.

चूक माझीच आहे. मी ऑगस्टमध्ये आले, ऑक्टोबरमध्ये आले, आणि दोन्ही वेळा पुढच्या खेपेला उतरवून घेऊ म्हणून परत गेले. आमच्या ध्वनिसंग्रहात मी दुसऱ्यांच्या आज्या तीन तीन ठिकाणी जपून ठेवते आणि स्वतःची आजी शाळेच्या एका जुन्या डब्यात ठेवून आले. मला माझीच लाज वाटते.

आमच्याकडे यंत्रांचं बघणारा आर्कादी आहे. त्याने एकच गोष्ट बजावली आहे : तो कॉम्प्युटर थंडीतून उबेत नेऊन लगेच चालू करू नये. उबेतली दमट हवा थंड यंत्राला लागली की आत पाणी धरतं, आपण बाहेरून घरात आलो की चष्म्यावर धरतं तसंच. त्यात वीज सोडली की संपलंच सगळं. तेवढं मार्फाबाईंना आजच्या आज सांगा. उशीर झाला नसला म्हणजे मिळवली.

तेरेंती परवा निघतोय, त्याच्याचबरोबर हे पत्र आणि तुमचा नवा चष्मा पाठवते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूलही करत नाही, म्हणून लिहिणंच बरं.

माझ्यावर रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची,
क्युन्नेय


खातिंग-क्युएल,
१७ डिसेंबर

चि. क्युन्नेय हिस,
प्रोकोपीआजोबाचे अ. उ. आ.

चष्मा मिळाला. त्यातून पहिलं वाचलं ते तुझं पत्र. आणि त्यात काय, तर शहराची पोरगी मला शिकवते की थंड लोखंड उबेत नेऊ नये! अगं, तुझ्या आईचा जन्म व्हायचा होता तेव्हापासून मला ते ठाऊक आहे.

आता ऐक काय झालं ते. बॉयलर बंद पडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी घोड्यांसाठी गवत आणायला निघालो होतो. बघतो तर शाळेच्या दारात घसरगाडी उभी, आणि मार्फाबाई नि मुख्याध्यापक त्या कॉम्प्युटरला रजईत गुंडाळून बाहेर काढतायत. विचारलं, कुठे नेताय. तर म्हणाल्या, घरी चुलीपाशी ठेवते, बिचारा गारठलाय, जरा ऊब लागली की चालू करून बघते. मी दारातच आडवा उभा राहिलो. म्हटलं, बाई, उणे अठ्ठेचाळीसातलं लोखंड चुलीपाशी नेलंत तर त्याला घाम फुटेल. त्यावर मला म्हणतात कशा, प्रोकोपी गावरिलोविच, हा कॉम्प्युटर आहे, तुमची बंदूक नव्हे. मी म्हटलं, आत लोखंड आहे की नाही? म्हणाल्या, आहे. म्हटलं, मग झालं तर.

मुख्याध्यापक मला बाजूला सारायला बघत होते. ते वाळक्या काडीएवढे, मी असा. तेव्हा पुढचं तूच समज.

शेवटी मार्फाबाईंनीच, दर स्क्रूला एकदा हातमोजा काढत आणि घालत, तिथल्या तिथे थंडीत डबा उघडला आणि ती डिस्क काढून माझ्या हातावर ठेवली. एवढीशीच? पावाच्या जाड तुकड्याएवढी. आत अकरा संध्याकाळी मावतात यावर माझा अजून विश्वास नाही. मी ती कापडी पिशवीत घालून अंगणातल्या कोठीत टांगली आहे, माझ्या बंदुकीच्या शेजारी. बंदूक ऑक्टोबरात कोठीत जाते ती एप्रिलपर्यंत घरात येत नाही, हा आपल्याकडचा नियम. लोखंडाला थंडीचा त्रास नसतो, आत-बाहेर करण्याचा असतो. बाबांनी मला हे एकदा सांगितलं, मी गाठीशी बांधलं. साठ वर्षांत एकदाही चुकलो नाही.

अकुलिना बंदुकीशेजारी टांगलेली आहे हे मनात आलं की हसू येतं, आणि दिवसातून दोनदा मी कोठीत डोकावून येतो. जन्मभर माझी बंदूक या बहिणीच्या डोळ्यांत खुपायची. मी दारात दिसलो रे दिसलो की आधी बंदुकीवरून बोलणार, मग माझी विचारपूस.

तुझ्या त्या आर्कादीला सांग, बरोबर बोललास म्हणावं. शिकारीला जातो का तो? लग्न झालंय का?

मी ठणठणीत आहे. तू टोपी घालत जा, शहरातल्या मुलींचे कान मी पाहिलेत. आठवण ठेवतेस ती अशीच ठेव.

तुझा,
प्रोकोपीआजोबा


याकुत्स्क,
२६ डिसेंबर

ती. मामाआजोबा यांस,
क्युन्नेयचा सा. न. वि. वि., आणि या वेळी नमस्कार जरा जास्तच वाकून.

तुमचं पत्र मी कामावर मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे जागचे उठून उभे राहिले. आर्कादी दोनदा म्हणाला की हा माणूस माझ्या जागी हवा. आजोबा, तुम्ही दारात आडवे उभे राहिला नसतात तर मी आज कुणाला तोंड दाखवलं असतं? मला तुमचा इतका अभिमान वाटला की घरी येताना धुक्यात एका अनोळखी बाईला थांबवून सांगितलं. ती घाबरून पळाली.

पण आता नवीच काळजी उभी राहिली आहे. आर्कादी म्हणतो, डिस्कच्या कागदावर उणे चाळीसपर्यंतच ठेवता येते असं लिहिलंय आणि तुमच्या कोठीत तर उणे पन्नास असणार. आत एक चकती असते, ती ज्यावर फिरते तिथलं तेल फार दिवस गोठलेलं राहणं बरं नाही. तेव्हा ती लवकर इकडे यायला हवी. त्याने सांगितलंय ते असं : डिस्क घरात आणावी, एक दिवस दाराजवळच्या गार कोपऱ्यात ठेवावी, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तेरेंतीकडे द्यावी. तेरेंतीने ती ट्रकच्या केबिनमध्ये, आपल्या कोटाच्या आत धरून आणावी. म्हणजे हळूहळू ऊब मिळेल.

तुम्हाला हे पटणार नाही हे मला माहीत आहे. तुमच्या कपाळावरच्या आठ्या मला इथून दिसतायत. पण आर्कादीने याचं शिक्षण घेतलंय, आणि एकुलती एक डिस्क आहे, आजोबा. तिचं काही झालं तर आजी दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी माझ्यामुळे.

आर्कादी शिकारीला जात नाही. लग्न झालेलं नाही. आणि तुम्ही असले प्रश्न विचारायचे नाहीत, पत्र सगळ्यांदेखत वाचलं होतं मी!

नवं वर्ष तुम्हाला सुखाचं जावो. घोड्यांना माझी आठवण सांगा. आजवर जशी लाडात ठेवलीत तशीच ठेवा.

तुमची,
क्युन्नेय


खातिंग-क्युएल,
६ जानेवारी २०१०

चि. क्युन्नेय हिस,
प्रोकोपीआजोबाचे अ. उ. आ., पण कान धरून.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनही वेळा चहा गार झाला. तेरेंतीच्या कोटाच्या आत! अगं, तू तेरेंतीला ओळखत नाहीस का? इथून याकुत्स्कपर्यंत तो पाच ठिकाणी चहाला थांबतो. प्रत्येक ठिकाणी गरम केबिनमधून थंडीत, थंडीतून वाफ दाटलेल्या खोलीत, परत थंडीत, परत केबिनमध्ये. पाच वेळा घाम फुटेल तिला आणि पाच वेळा तो घाम गोठेल. तुझ्या आर्कादीने शिक्षण घेतलंय ते खोलीत बसून. रस्त्याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं दिसत नाही.

तेव्हा मी तुमचं ऐकलेलं नाही. काय केलं ते लिहितो, नंतर ओरडायचं तर ओरड.

डिस्क मी घरात आणलीच नाही. घरातली हवा म्हणजे चहाच्या किटलीची वाफ, तुझ्या आजीचे वाळत घातलेले कपडे असायचे तेव्हापासून ती तशीच. ती हवा पिशवीत कोंडायची आणि वर घट्ट बांधायचं, म्हणजे चोराला घरात घेऊन कडी लावण्यातला प्रकार. मी काल दुपारी कोठीतच काम केलं. उणे एक्कावन्न होतं. अशा थंडीत हवेत थेंबभर पाणी राहत नाही, सगळं केव्हाच बर्फ होऊन खाली पडलेलं असतं. ट्रकच्या चाकाच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आधी चुलीवर खडखडीत वाळवून घेतला, मग बाहेर ठेवून गार केला. त्यात डिस्क सरकवली, दाबून हवा काढली, आणि दोन्ही तोंडं घोड्याच्या शेपटीच्या केसांनी बांधली. हातमोजे घालून ती गाठ बसत नाही, म्हणून काढले. उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडली. मार्फाबाईंनी चोळून चोळून आणली जागेवर. करंगळी अजून माझी असल्यासारखी वाटत नाही, पण येईल.

त्यावर सशाच्या कातड्याचे चार वेढे, केस आतल्या बाजूला. त्यावर ताडपत्री शिवली. आणि हे गाठोडं सोबो माशांच्या पोत्याच्या मधोमध ठेवलं, सगळीकडून दगडासारखे गोठलेले मासे. पोतं ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यात येईल. रस्ताभर थंडच राहील. तुझ्याकडे पोचलं की बाल्कनीत ठेव, आणि आर्कादी तयार झाला की गाठोडं न सोडता आत घ्या. तीन दिवस हात लावू नका. एकदाच ऊब, तीही सावकाश. राहिली तेलाची गोष्ट, तर झोपलेल्याला थंडीत झोपू द्यावं, तो आपोआप उठतो. अर्धवट उठवलेला दगावतो. हे मी बाळंत घोडीवरून सांगतोय, डिस्कचं तुम्ही बघा.

निघण्याआधी अग्नीला तव्यावरच्या गरम ओलाद्याचा तुकडा आणि लोणी वाहिलं आणि सांगितलं, की बहीण प्रवासाला निघाली आहे, सांभाळ. मार्फाबाई बाजूला उभ्या होत्या. त्या शिकलेल्या, पण त्यांनीही मान खाली घातली.

तुला एक सांगतो, कुणाला वाचून दाखवू नकोस. मी अकुलिनाचा ओलोन्खो कधी बसून पुरा ऐकला नाही. ती गायला बसली की मला घोडे आठवायचे, जाळी आठवायची. म्हणायचो, गाते आहेच की, ऐकू पुढच्या हिवाळ्यात. तू स्वतःला दोष देत बसतेस, दोनदा राहिलं म्हणून. माझे साठ हिवाळे राहिले.

म्हणून गाठ नीट बांधली आहे. मन थोडं मोठं कर आणि म्हाताऱ्यावर भरवसा ठेव.

तुझा,
प्रोकोपीआजोबा


याकुत्स्क,
१४ जानेवारी

ती. मामाआजोबा यांस,
क्युन्नेयचा सा. न. वि. वि.

घात झाला, आजोबा. कसं लिहू कळत नाही, पण तुमच्यापासून लपवणार नाही.

तेरेंती एक दिवस आधीच आला. मी कामावर होते. त्याने पोतं अग्राफेनाकाकूच्या हवाली केलं, मासे आहेत, बाहेर ठेवा, एवढं बोलला, पत्र टेबलावर ठेवलं आणि गाडी चालू आहे म्हणत निघून गेला. काकूने पोतं बाल्कनीत ठेवलंही. पण तेवढ्यात तिच्याकडे लेकीच्या सासरची माणसं आली. आता गावाकडचे सोबो घरात असताना पाहुण्यांना रिकाम्या हाताने कोण पाठवतं? तिने पोतं स्वयंपाकघरात ओढलं, मासे काढले, आणि मधोमध सापडलं तुमचं गाठोडं. तिला वाटलं, आजोबांनी नातीला खास लोणी पाठवलंय, एवढं जपून बांधलंय म्हणजे लोणीच. ओलाद्यांवर घालायला मऊ होऊ दे, म्हणून तिने ते घर तापवणाऱ्या गरम पाण्याच्या जाड नळावर नेऊन ठेवलं. सकाळी अकराला. मी घरी आले सहाला.

ताडपत्री भिजून चिंब झाली होती. नळाखाली थारोळं साचलं होतं. सशाचे केस बाहेर आले होते तिथे हात लावला, तर ओले. तुम्ही म्हणता तो घाम मी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. तिथेच जमिनीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

काकूला सगळं सांगितलं तेव्हा तीही रडायला लागली. म्हणाली, अगं बये, मला कुणी सांगितलं असतं की आत तुझी आजी आहे, तर मी तिला माझ्या पलंगावर झोपवलं नसतं का? पाहुणे बिचारे मासे टाकून उठले. तिच्यावर रागावताही येईना. तिने पाहुणचारच केला होता.

आर्कादीला फोन केला. त्याने आधी किती वाजल्यापासून ते विचारलं. मग म्हणाला, सोडू नकोस, कापू नकोस, नळावरून उचल आणि खोलीत टेबलावर ठेव. आजोबांनी तीन दिवस म्हटलंय तर तीन दिवस. तुमचं पत्र त्याला फोनवर वाचून दाखवलं, बोटांपर्यंतचं. शेवटचं तुम्ही म्हणालात ते नाही वाचलं.

आता ते टेबलावर आहे आणि मी समोर बसले आहे. हे पत्र अर्धंच ठेवते. काय होईल ते खाली लिहीन, चांगलं असो वाईट असो.

१८ जानेवारी

आजोबा! आजोबा! आजोबा!

आज सकाळी आम्ही सगळे आर्कादीच्या टेबलाभोवती उभे होतो. त्याने ताडपत्री उसवली, ती अजून दमट. सशाची कातडी सोडली, बाहेरचा वेढा ओला, दुसरा जेमतेम, सगळ्यात आतला कोरडा. मग ट्यूब. तुमची गाठ त्याला सुटेना. शेवटी कापली. त्याने डिस्क बाहेर काढली, तिच्या अंगावरून, कडाकोपऱ्यांतून पांढरा टिपकागद फिरवला आणि कागद उजेडात धरला. ठिपकासुद्धा नाही. खडखडीत कोरडी! पाणी सगळं बाहेरच्या बाहेर धरलं, तुमच्या ट्यूबच्या आत त्याला शिरकावच नव्हता. आर्कादी खुर्चीत बसला आणि म्हणाला, मी सांगितलं तसं घरातली हवा कोंडून बांधली असती तर नळावर ठेवायचीही गरज नव्हती, आतल्या आत भिजली असती. माझं चुकलं, असं त्यांना स्पष्ट लिही. म्हणून स्पष्ट लिहिते आहे.

मग त्याने ती यंत्राला जोडली. आधी काहीच नाही. मी काकूचा हात धरला होता, तीही आली होती, घरी बसवेना म्हणून. मग एक बारीक घरघर आली, आणि चकती फिरायला लागली. झोपलेला उठला, आजोबा, आपोआप उठला.

सगळ्या अकरा संध्याकाळी सुखरूप आहेत. आता त्या तीन ठिकाणी उतरवल्या आहेत, त्यातली एक प्रत दुसऱ्या इमारतीत. आमच्या संचालकबाईंनी नोंदवहीत गायिकेच्या नावाखाली तुमचंही नाव लिहायला लावलं : जतन करणारे, प्रोकोपी गावरिलोविच. ते अक्षर माझं आहे आणि मी ते सगळ्यात टपोरं काढलंय.

आता एक गंमत. पहिली संध्याकाळ लावली तर पहिला आवाज आजीचा नाहीच. दार करकरतं, बूट वाजतात, कुणीतरी खाकरतं आणि विचारतं की जेवणाचं काय. ते तुम्ही. आणि लगेच आजी कडाडते, प्रोकोपी, आधी बंदूक बाहेर ठेव! बूट परत वाजतात, दार लागतं. मग आजी हसत हसत मार्फाबाईंना एक गोष्ट सांगते. त्यांनी यंत्र आधीच चालू केलं होतं, आजीला ते माहीत नव्हतं.

ती म्हणते, हा अकरा वर्षांचा असताना याने लाडाने बाबांची बंदूक घरात आणली, तेल लावून चकचकीत करून बाबांना खूश करायचं म्हणून. चुलीपाशी पुसत बसला. लोखंडाला घाम फुटला, याच्या ध्यानात आलं नाही, तशीच परत कोठीत टांगली. आत पाणी गोठलं. दुसऱ्या दिवशी बाबांसमोर मोठं हरीण आलं आणि बंदूक उडालीच नाही. तो हिवाळा आम्ही नुसत्या माशांवर काढला. बाबांनी विचारलं, बंदूक घरात कुणी आणली. हा पांढराफटक. मी म्हटलं, मी आणली. बाबा वसंतापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आणि मग ती म्हणते, सांगू नका हो त्याला मी बोलले ते, तो अजून समजतो की मी विसरले.

साठ वर्षांत एकदाही चुकलो नाही म्हणे! आजोबा, हे खरं आहे का?

मार्फाबाईंसाठी आणि तुमच्यासाठी एक प्रत पाठवते. ही तेरेंतीच्या कोटात आली तरी चालेल. तुमची करंगळी कशी आहे ते आधी लिहा. आणि मी थट्टा केली तरी तुमच्या मनातली जागा तेवढी माझीच राहू दे.

तुमची,
क्युन्नेय


खातिंग-क्युएल,
२ फेब्रुवारी

चि. क्युन्नेय हिस,
प्रोकोपीआजोबाचे अ. उ. आ.

करंगळी आली जागेवर. थोड्या मुंग्या येतात, तेवढंच.

खरं आहे. अक्षर न् अक्षर खरं आहे. बाबांनी मला काहीही शिकवलं नव्हतं. बाबा गेले त्या दिवशीही मी त्यांच्या उशाशी बसून ते सांगितलं नाही. अकुलिना सतरा वर्षांची होती, तिला त्या हिवाळ्यात नवे बूट मिळायचे होते, ते राहिले. आणि मी तुझ्यासारख्यांना सांगत फिरतो, गाठीशी बांधलं म्हणून. गाठ तिने बांधली होती. मला वाटायचं, बाईला खोडच आहे, दारात दिसलो की बंदूक बाहेर ठेव. साठ वर्षं ती मला एवढंच सांगत होती, की मला आठवतंय आणि मी कुणाला सांगितलेलं नाही.

बॉयलर दुरुस्त झालंय. मार्फाबाईंनी प्रत क्लबातल्या मोठ्या कर्ण्यावर लावली. त्यांना वाटलं, मी बाहेर गेल्यावर सुरू करावं, म्हणजे ती गोष्ट माझ्या कानावर पडणार नाही. मीच म्हटलं, लावा, सगळ्यांदेखत लावा. सगळं गाव पोट धरून हसलं. तेरेंती तर आता मला बंदूक चकचकीत करणारा म्हणूनच हाक मारतो. मारू दे. लोक माझी पाठ थोपटायला आले, म्हणाले, प्रोकोपीने अकुलिनाला वाचवलं. मी म्हटलं, उलटं आहे. तिनेच स्वतःला वाचवलं, मी फक्त तिचं ऐकलं. एवढं मोठेपणाने मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि छाती अशी भरून आली की कोटाचं बटण लागेना.

नोंदवहीतलं माझं नाव राहू दे, पण तिच्या नावापेक्षा लहान अक्षरात काढ. आर्कादीला म्हणावं, चूक कबूल करणारा माणूस मला आवडतो, मला स्वतःला त्याला साठ वर्षं लागली. वसंतात त्याला घेऊन ये. बंदूक दाखवीन, कोठीतच.

मी रोज संध्याकाळी क्लबात पहिल्या बाकावर बसतो. घोडे थांबतात, जाळी थांबते. आज सहावी संध्याकाळ झाली, अजून पाच आहेत. काय गायची गं ती! माझी बहीण असं गायची आणि मी बाहेर लाकडं फोडत होतो.

आणि एक सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी कर्ण्यातून तिचा आवाज आला, प्रोकोपी, आधी बंदूक बाहेर ठेव, तेव्हा लोक हसायच्या आतच मी उठलो. हातात काही नव्हतं, खांद्यावर काही नव्हतं, तरी दारापर्यंत गेलो, दार उघडलं, बाहेर थंडीत जरा वेळ उभा राहिलो, आणि मग आत येऊन बसलो.

थोरामोठ्यांचं ऐकत जा, उशिरा का होईना. माया होती तशीच आहे.

तुझा,
प्रोकोपीआजोबा